सायकलची मुशाफिरी आणि ब्रेकची विद्या

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



संमेलनात भाषण म्हटले की शिस्त, चारित्र्य आणि परीक्षा हे तीन विषय ठरलेले असतात. त्या विषयांचे महत्त्व मी जाणतो. परंतु आज मी आपल्यापुढे सायकल हा विषय घेऊन उभा आहे, आणि सायकलीतही मुख्यतः तिचा ब्रेक. काहींना हा विषय फार लहान वाटेल. पण विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला लहान वस्तूतच मोठा धडा सापडतो, आणि या धड्याचा संबंध आपल्या मुलामुलींच्या सुरक्षिततेशी व शिक्षणाशी किती जवळचा आहे, हे शेवटी आपल्यालाच दिसेल.

सुरुवात एका व्याख्यानानेच करतो. सन १९२० च्या सुमारास मुंबईच्या ओव्हल मैदानावर एका फ्रेंच गृहस्थाचे भाषण झाले. तो युरोपातून हिंदुस्थानपर्यंत पायी चालत आला होता. श्रोत्यांत मुंबईतले काही पारशी तरुण होते. ते घरी गेले, पण भाषण त्यांच्या डोक्यातून गेले नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर जगप्रवासाला निघाले. वाटेत कोणी परतला, कोणी परदेशातच राहिला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मात्र १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परत आले. साडेचार वर्षांत त्यांनी सुमारे ७१ हजार किलोमीटर अंतर कापले होते. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, इजिप्त, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश असा तो मार्ग होता. त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला पंडित जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना दिली.

त्यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये फ्रामरोज दावर एकटेच निघाले आणि १९३१ मध्ये परतले. त्यानंतर १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे निघाले, ते दुसरे महायुद्ध चालू असताना १९४२ मध्ये घरी आले. पारशी समाज संख्येने किती छोटा! पण त्यातल्या तरुणांनी जग पाहायचे ठरवले आणि त्यासाठी मोटारगाडीची किंवा मोठ्या वारशाची वाट पाहिली नाही.

आपल्यालाही प्रवास काही परका नाही. तंजावर नव्हे, तर मोरोक्कोतील तँजियरमधून १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी घराबाहेर पडलेला इब्न बतूता आपल्या मुलांनी इतिहासात वाचलेला आहे. मराठी भाषेतसुद्धा सफर, मुशाफिरी, मुक्काम, मजल हे शब्द अरबी-फारसीतूनच येऊन घरचे झाले आहेत. शब्द आपल्या तोंडी आहेत. मुलगा किंवा मुलगी “मी सायकलने लांब जातो, जाते” असे म्हणते तेव्हा मात्र आपल्या पोटात गोळा येतो. पालकांचे हे भय खोटे नाही. भय घालवण्याचा उपाय माहिती हाच असतो, म्हणून आज मी माहिती देणार आहे.

आता अगदी जवळचे उदाहरण. आपल्याच नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेतील ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यावरील ॲनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. ते त्यांनी बारा दिवसांच्या आत पार केले. दुसऱ्या वर्षी, २०१८ मध्ये, मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची, १५ टप्प्यांची सायबेरियातील स्पर्धाही त्यांनी पुरी केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेतील त्याच स्पर्धेत दोघांच्या गटात यश मिळवले होते. ही तिन्ही माणसे डॉक्टर आहेत. ‘सायकलच्या नादाने अभ्यास बुडतो’ असे म्हणणाऱ्यांसाठी एवढे पुरे आहे.

मुलींनी तर एक नाव अवश्य लक्षात ठेवावे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, सुमारे २९ हजार किलोमीटरचा जगप्रवास १५९ दिवसांत केला. ऑस्ट्रेलियातील पर्थहून जुलैमध्ये निघून ती डिसेंबरमध्ये कोलकात्याला पोचली. स्पेनमध्ये चोरट्यांनी चाकू दाखवून तिला लुटले, रशियात बर्फातून जावे लागले, पण तिने प्रवास सोडला नाही.

या सर्वांच्या कथा ऐकताना आपले लक्ष पायांच्या ताकदीकडे जाते. किती चढ चढले, किती तास पेडल मारले, हेच आपण विचारतो. परंतु चढावर माणूस दमतो, फार तर उतरून चालू लागतो. जिवाला धोका असतो तो उतारावर. अमेरिकेतील त्या स्पर्धेत पहिल्याच टप्प्यात डोंगरावरून थेट वाळवंटात उतरणारा सुमारे एक हजार मीटरचा घाट आहे. त्याला तिकडे ‘काचेची लिफ्ट’ म्हणतात. पुढे कोलोरॅडोमध्ये ३,३०० मीटरहून उंच खिंड ओलांडावी लागते. जितके चढले तितके उतरायचे असते, आणि उतरताना सोबती एकच, तो म्हणजे ब्रेक.

विद्यार्थी मित्रहो, आता थोडे पदार्थविज्ञान. ब्रेक काय करतो? ‘सायकल थांबवतो’ हे उत्तर अर्धे झाले. गतीची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलणे हे त्याचे खरे काम. समजा स्वार ६५ किलो, सायकल १५ किलो आणि सामान ३० किलो, म्हणजे एकूण ११० किलो. हा भार एक हजार मीटर खाली उतरला तर सुमारे १० लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने तीन लिटर साधे पाणी उकळीपर्यंत येईल. यातली काही ऊर्जा वाऱ्याच्या विरोधात खर्च होते. पण जो घाबरून सारा घाट ब्रेक दाबूनच हळूहळू उतरतो, त्याला वाऱ्याची मदत फारशी मिळत नाही आणि जवळजवळ सगळी उष्णता त्या बोटभर रबरावर आणि चाकाच्या कडेवर येते. रिम इतकी तापते की ट्यूबमधील हवेचा दाब वाढून टायर फुटू शकतो किंवा रिमवरून निसटू शकतो.

दुसरा नियम वेगाचा. ताशी २० किलोमीटर वेगाने थांबायला जितके अंतर लागते, त्याच्या चौपट अंतर ताशी ४० ला लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाठ्यपुस्तकातले हे सूत्र आपण दोन गुणांसाठी पाठ करतो. घाटात ते जीव वाचवते.

म्हणून उतरण्याची रीत अशी. वेग वाढू लागण्यापूर्वीच ब्रेक लावावा. थोडा वेळ जोराने दाबावा, मग सोडून द्यावा, म्हणजे रिमला गार व्हायला वाव मिळतो. सतत अर्धवट दाबून ठेवू नये. पाठ ताठ ठेवून बसावे म्हणजे वारा छातीवर येतो, आणि तोही एक ब्रेकच आहे. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणावर नव्हे. ब्रेक फार तापला असे वाटल्यास सुरक्षित जागी थांबावे, दहा मिनिटे बसावे. तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नये, ती वाकडी होते. आणि तिला बोट लावून पाहू नये, हे मुलांना मुद्दाम सांगतो.

पुढच्या ब्रेकविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे. ‘पुढचा दाबला की माणूस उलटतो’, म्हणून पुष्कळ मुले तो लावतच नाहीत, काही तर काढूनच टाकतात. वस्तुस्थिती अशी की थांबताना भार पुढे सरकतो, पुढचे चाक रस्त्याला घट्ट धरते आणि मागचे हलके होते. कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. तो हळूहळू वाढत्या दाबाने, शरीर थोडे मागे रेलून आणि मागच्या ब्रेकच्या जोडीने लावायचा असतो. रेती, चिखल आणि वळण मात्र जपावे. तेथे पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळ मिळत नाही.

आता परदेशात काय वेगळे असते ते पाहू. आपल्याकडे इंग्लंडप्रमाणे उजव्या हाताला बहुधा पुढचा ब्रेक असतो. अमेरिकेत आणि युरोपच्या बहुतेक देशांत तो डाव्या हाताला असतो. तेथे सायकल भाड्याने घेतली तर सवयीचा हात चुकीचा ब्रेक ओढतो. त्यातच तेथील वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. म्हणून सायकल ताब्यात घेतल्यावर मोकळ्या जागेत पाव तास सराव करावा. हॉलंड, जर्मनीकडे पायाचा ब्रेकही पुष्कळ दिसतो. पेडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. सपाट गावात तो सोयीचा, पण चेन उतरली की ब्रेकही गेला! लांब घाटात तो एकटा पुरत नाही. जर्मनीत तर सायकलला एकमेकांपासून स्वतंत्र असे दोन ब्रेक असलेच पाहिजेत, असा कायदा आहे.

ब्रेकचे प्रकारही समजून घ्यावेत. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना लोखंडी सळ्यांचा ब्रेक असतो. त्यात वायर तुटण्याची भीती नाही, पण पावसात स्टीलच्या रिमवर रबर फारसे धरत नाही. ॲल्युमिनियमची रिम आणि वायरचा ब्रेक त्याहून बरा. चाकाच्या मध्याशी चकती असलेला डिस्क ब्रेक पावसात सर्वांत भरवशाचा. त्यात पुन्हा दोन जाती आहेत. एक वायरने चालणारी, दुसरी तेलाच्या दाबाने चालणारी. तेलाचा ब्रेक एका बोटाने लागतो. पण नळीत हवा शिरली किंवा तेल गळले तर दांडी थेट हॅण्डलला टेकते, आणि आडगावात त्याचे सामान मिळत नाही. शिवाय कोणत्या ब्रेकला खनिज तेल आणि कोणत्याला मोटारीचे ब्रेक-तेल, हे ठरलेले असते. एकात दुसरे घातले की आतली रबरी सीले खराब होतात. म्हणून दूरच्या, ओसाड प्रदेशात जाणारे पुष्कळ मुशाफिर वायरचाच ब्रेक पसंत करतात. तो खेड्यातल्या मिस्त्रीलाही दुरुस्त करता येतो.

विमानाने सायकल न्यायची असेल तर चाके काढावी लागतात. तेलाचा डिस्क ब्रेक असल्यास मधल्या फटीत जाड पुठ्ठ्याचा तुकडा खोचून ठेवावा. नाहीतर पेटीत दांडी दाबली जाऊन आतली पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक पुन्हा बसत नाही. चकत्या काढून कपड्यांमध्ये ठेवणे उत्तम. उतरल्यावर सायकल जोडली की विमानतळाच्या आवारातच दोन्ही ब्रेक तपासावेत, मगच रस्त्यावर जावे.

सोबत काय न्यावे? ब्रेकची एक जास्तीची वायर, तीसुद्धा मागच्या चाकाची लांब, कारण लांब वायर कापून पुढे बसते, आखूड वायर मागे पुरत नाही. वायरच्या टोकाची गोळी पाहून घ्यावी. सरळ हॅण्डलच्या दांडीत ढोलकीसारखी गोळी बसते, वाकड्या हॅण्डलच्या रेसिंग सायकलीत नासपतीसारखी. ब्रेक-रबरांचे किंवा पॅडचे दोन जोड, पाने, छोटी पक्कड, पॉलिश पेपरचा तुकडा आणि स्वच्छ फडके. एवढ्याचे वजन टिफिनच्या डब्यापेक्षा कमी भरेल.

वाटेत बिघाड झाला तर? दांडी सैल लागू लागली असेल, तर वायरजवळची छोटी फिरकी अर्धा-एक फेरा उलटी फिरवावी, ताण परत येतो. फिरकी संपली असेल, तर वायर ढिली करून ओढून पुन्हा आवळावी. ब्रेक किंचाळत असेल, तर रिम पुसावी. रबर चकाकत असेल तर पॉलिश पेपरने घासावे. त्यात रुतलेले धातूचे कण टाचणीने काढावेत, कारण तेच रिम खातात. दांडीजवळ वायरीची एखादी तार तुटलेली दिसली, तर ती वायर त्याच दिवशी बदलावी. एकामागून एक तारा तुटत जातात आणि शेवटची नेमकी घाटात तुटते. चकतीला चेनचे तेल लागले असेल, तर ती स्पिरिटने पुसावी. तेल प्यालेले पॅड बहुधा बदलावेच लागते. आणि काही पॅड एका बाजूने उघड्या खोबणीत सरकवून बसवतात. त्या खोबणीची बंद बाजू पुढे, प्रवासाच्या दिशेला असली पाहिजे. उलट बसवले तर ब्रेक दाबताच पॅड निसटून बाहेर पडते.

आणखी एक गोष्ट. ब्रेक घासतो म्हणून पुष्कळ जण ब्रेकच ढिला करतात. खरा दोष अनेकदा चाकात असतो. एखादा स्पोक तुटतो, चाक लहरू लागते आणि रबराला घासते. अशा वेळी चाकाची आऊट काढायची असते. ब्रेक ढिला करणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फेकून देणे.

एक ब्रेक पूर्ण निकामी झाला तर नियम सोपा आहे. तो दुरुस्त होईपर्यंत उतारावर बसायचे नाही, उतरून चालायचे. उतरतानाच ब्रेक गेला तर दुसरा ब्रेक लावावा, शरीर मागे न्यावे आणि वेग वाढण्यापूर्वी रस्त्याच्या कडेच्या गवताकडे किंवा चढाकडे वळावे. ‘पुढे सपाटी येईलच’ या आशेवर राहू नये.

पालकहो, यातले किती आपल्या घरच्या सायकलीला लागू आहे, ते पाहा. आपले नागपूर सपाट आहे, घाट नाहीत. पण शाळा सुटल्यावरच्या गर्दीत ट्रकच्या मागे थांबायला जो ब्रेक लागतो, तो घाटातल्याइतकाच महत्त्वाचा आहे. मुलाला घड्याळ, मोबाइल, कपडे आपण घेतो. त्याच्या सायकलीचे ब्रेक-रबर शेवटचे कधी बदलले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आज घरी गेल्यावर सायकल हाताने पुढे ढकला आणि एकेक ब्रेक दाबून पाहा. पुढचा दाबल्यावर मागचे चाक उचलू पाहते का, मागचा दाबल्यावर चाक घासत थांबते का. दांडी हॅण्डलला टेकते का, रबरावरच्या खाचा शिल्लक आहेत का. पाच मिनिटांचे काम आहे.

मुलींच्या पालकांना वेगळी विनंती. घरापासून शाळा लांब आहे, एवढ्याच कारणाने आठवी-नववीत किती मुलींचे नाव शाळेतून कमी होते, हे आपण जाणता. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली आणि माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींची संख्या वाढली, असे अभ्यासकांना आढळले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या आहेत. सायकल आली की शाळा जवळ येते. त्या सायकलीचा ब्रेक मुलीला स्वतः आवळता आला, तर ती कोणावर अवलंबून राहत नाही. वेदांगीला रशियाच्या निर्जन रस्त्यावर कोण मदतीला येणार होते? मुलीच्या हाती पाना देणे हेसुद्धा शिक्षणच आहे.

आणि शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. आपल्या वस्त्यांत सायकलची, मोटारसायकलची दुरुस्ती करणारे उत्तम कारागीर आहेत. चाक फिरवून नुसत्या नजरेने ते सांगतात की आऊट कोठे आहे. त्यांच्यातल्या अनेकांना शाळा लवकर सोडावी लागली. दुसरीकडे आपल्या शाळा-महाविद्यालयांत घर्षणाची व्याख्या न अडखळता सांगणारी मुले आहेत, पण त्यांना ब्रेकची वायर घालता येत नाही. एकाकडे हात आहे, दुसऱ्याकडे पुस्तक. आपण मुलाला धाक घालतो, “शिकला नाहीस तर सायकलच्या दुकानात बसशील.” हे वाक्य ज्या मिस्त्रीच्या कानावर पडते, त्याचा मुलगाही आपल्याच शाळेत शिकतो, हे आपण विसरतो. मी म्हणतो, जो शिकेल त्याने दुकानातही बसावे, आणि जो दुकानात बसला आहे त्याच्यासाठी शाळेचे दार पुन्हा उघडावे. पुस्तक आणि हात एकत्र आले म्हणजेच इंजिनिअर तयार होतो.

यासाठी संस्थेपुढे माझी एक छोटी सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी शाळेच्या पटांगणात सायकल-दुरुस्तीचा वर्ग भरावा. शिकवायला वस्तीतले उस्ताद मिस्त्री सन्मानाने बोलवावेत, त्यांना योग्य मानधन द्यावे. शेजारी विज्ञानशिक्षक उभा राहील आणि मिस्त्रींनी जे करून दाखवले ते फळ्यावर समजावून सांगेल. मुले आणि मुली दोघांनाही प्रवेश असावा. वर्षाअखेरीस ज्यांना चाक काढणे, वायर घालणे, ब्रेक बसवणे येईल, त्यांची सहल सायकलने रामटेकला न्यावी. पुढे चिखलदऱ्याचा घाट आहेच. आणि ज्याच्या मनात असेल, त्याला जग मोठे आहे.

त्या मैदानावरच्या भाषणाने सहा तरुण जगप्रवासाला निघाले. माझ्या भाषणाने तसे काही घडावे, एवढी माझी योग्यता नाही. आज संध्याकाळी आपल्यापैकी शंभर घरांत शंभर सायकलींचे ब्रेक तपासले गेले, तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.